जुनी पंप ॲक्शन बंदूक डोळे झाकून घेऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँका, रोकड वाहून नेणाऱ्या गाड्या आणि सराफी पेढ्यांवरच्या गनमनच्या हातातील बंदुकांबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. परवाना, प्रशिक्षण, पगार याबद्दल त्यात जे मांडले आहे ते रास्तच आहे. मात्र जाता जाता लेखकाने एक शेरा मारला आहे की पूर्वीच्या विलायती पंप ॲक्शन बंदुका (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या-काढायच्या) म्हणजे अस्सल पोलाद आणि आताच्या म्हणजे पत्रा नि प्लॅस्टिक. मुंबईत हा समज इतका पक्का बसला आहे की त्याच्या जोरावर पन्नास-साठ वर्षांची बंदूक आतून न बघताच, नव्या देशी बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून घेतली जाते. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण विषयच बारकाव्यांचा आहे.

आधी किमतीचे बघू. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडे फिरणारा विलायती माल बहुतांशी तोच आहे, फक्त हात बदलतात. जिचा पुरवठा वाढत नाही तिची किंमत चढणारच. त्या किमतीतला मोठा वाटा दुर्मिळतेचा असतो, पण विकणारा तो घडाईच्या नावावर वसूल करतो. शिवाय ज्या जुन्या बंदुका मोडल्या, गंजल्या, भंगारात गेल्या त्या कोणी दाखवत नाही. टिकल्या त्याच समोर येतात आणि त्यांच्यावरून साऱ्या पिढीला प्रशस्तिपत्र मिळते.

आता घडाई. जुन्यांमधला मानदंड म्हणजे विंचेस्टरचे मॉडेल १२. हे १९१२ साली बाजारात आले आणि १९६४ च्या सुमारास त्याचे नेहमीचे उत्पादन थांबले. तोवर सुमारे २० लाख नग बनले होते. त्याचा रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारा मधला डबा, घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला असे आणि आतले भागही असेच मिलिंग करून, कानस मारून, एकमेकांत बसवलेले असत. पंप मागे ओढला की कुठेही खरखर नाही, हेलकावा नाही. ही तारीफ खरी आहे. पण तेच मॉडेल बंद पडण्याचे कारणही हेच होते, कारण इतके मशीनकाम आणि हातकाम त्या किमतीत परवडेना. हातजुळणीची दुसरी बाजू गिऱ्हाइकाला दुरुस्तीच्या वेळी कळते. एका मॉडेल १२ ची नळी दुसऱ्याला सरळ बसत नाही, ती जुळवून घ्यावी लागते. नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यातली झीज भरून काढण्यासाठी त्यात एक फिरवता येणारी बाही दिलेली आहे. ती नीट लावणारा हात आज मुंबईत शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट जुन्याचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. विंचेस्टरच्या १८९७ च्या मॉडेलला आणि मॉडेल १२ लाही ट्रिगर डिस्कनेक्टर नाही. म्हणजे चाप दाबून धरलेला असताना पंप पुढे ढकलला की बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा ठोकळा) बंद होताक्षणी गोळी सुटते. इथाका ३७ मध्येही १९७५ पर्यंत हाच प्रकार होता. खंदकात लढणाऱ्या सैनिकाला तो फायद्याचा वाटला असेल. झवेरी बाजाराच्या गर्दीत, घाबरलेल्या आणि वर्षातून एकदाही सराव न मिळणाऱ्या गनमनच्या हातात तो धोकाच आहे. नव्या बंदुकांत प्रत्येक फैरीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. घडाई कितीही देखणी असो, पहाऱ्याच्या कामासाठी या एका मुद्द्यावर जुने मॉडेल बाद ठरवावे असे माझे मत आहे.

'आताचा पत्रा' या आरोपाची गंमत अशी की ज्या रेमिंग्टन ८७० ला आज लोक जुने, भक्कम म्हणून मिरवतात, ती १९५० साली आली तेव्हा स्वस्तातली, नव्या पद्धतीची बंदूक होती. तिच्या आधीचे मॉडेल ३१ फार गुळगुळीत चाले, पण बनवायला महाग पडे. ८७० चा रिसीव्हर पोलादातून कोरलेलाच ठेवला, आतले बरेच भाग मात्र प्रेसमध्ये ठोकून काढले आणि ट्रिगरची पेटी हलक्या ओतीव धातूची केली. तरीही २००९ पर्यंत तिचे १ कोटी नग बनले, कारण पैसा वाचवताना त्यांनी डोके योग्य ठिकाणी लावले. बोल्टचा लॉक थेट नळीच्या मागच्या वाढीव भागात, म्हणजे बॅरल एक्स्टेन्शनमध्ये अडकतो. बार उडतो तेव्हाचा दाब नळी आणि बोल्ट आपापसात झेलतात, रिसीव्हरवर तो येत नाही. रिसीव्हर हा भाग धरून ठेवणारा डबा उरतो. त्यामुळेच नळी बदलणे सोपे झाले.

हे समजले की ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरची भीतीही जाते. मॉसबर्ग ५०० हे मॉडेल १९६१ साली ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरसह आले आणि त्यातही पोलादी बोल्ट पोलादी नळीतच लॉक होतो. म्हणून हलका रिसीव्हर म्हणजे कमजोर बंदूक हे समीकरण चुकीचे आहे. उलट मुंबईच्या खाऱ्या हवेत तो रिसीव्हर तांबडा गंज धरत नाही, ही मोठी सोय आहे. त्याची दुखणी वेगळी. पोलादी पिना वारंवार काढल्या-घातल्या की भोके सैल होतात, आणि साइटचे किंवा सेफ्टीचे स्क्रू जोर लावून आवळले की आटे जातात. मॉसबर्गची वरची सेफ्टी पुष्कळ नगांत प्लॅस्टिकची असते व ती तुटते. तिथे धातूची बसवून घेणे हे किरकोळ काम आहे. याच घराण्यातल्या ५९०ए१ मध्ये सेफ्टी आणि ट्रिगरची पेटी धातूचीच येते. पुढची मूठ हलवली की मॉसबर्ग खुळखुळते, त्यावरून गिऱ्हाईक नाक मुरडते. तो आवाज सैल मापांचा आहे, झीज झाल्याचा नव्हे. धूळ आणि वाळू गेली तरी ती चालत राहते.

मग नवे खरोखर कुठे घसरले? माझ्या मते शेवटच्या हातात, म्हणजे फिनिशिंगमध्ये. ८७० ची एक्स्प्रेस ही स्वस्त आवृत्ती १९८७ पासून निघू लागली. विंगमास्टर या वरच्या आवृत्तीचा पॉलिश केलेला, खोल निळा-काळा रंग जाऊन तिथे खरखरीत मॅट रंग आला. दिसायला तो बरा असतो, पण खरखरीत पृष्ठभागात ओल धरून राहते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन रात्रींत नारिंगी ठिपके उमटतात. पुढच्या काळातल्या बऱ्याच एक्स्प्रेसमध्ये चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) रीमरच्या, म्हणजे भोक मापात कोरणाऱ्या हत्याराच्या, खुणांसह तसेच सोडलेले आढळतात. टॉर्च मारून बघितले तर चेंबरच्या भिंतीवर बारीक गोल चरे दिसतात. अशा चेंबरमध्ये काडतूस उडाले की प्लॅस्टिकची नळी आणि तळाची टोपी त्या चऱ्यांत दाबली जाते. टोपी पितळेची असेल तर दाब गेल्यावर ती थोडी आकसते आणि सुटते. स्वस्त काडतुसांत ती पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते, ती तेवढी आकसत नाही आणि चिकटून बसते. मग गनमन पंप ओढतोय आणि बंदूक उघडत नाही, अशी अवस्था. टोपी कशाची आहे हे साध्या लोहचुंबकाने कळते. चेंबर हलक्या हाताने पॉलिश केला की हा दोष कायमचा जातो. पॉलिश म्हणजे चकाकी आणणे. ड्रिलला सँडपेपर गुंडाळून चेंबरचे माप वाढवणारे महाभाग आहेत, त्यांच्या हाती नळी देऊ नये.

दुसरी तक्रार एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची. जुन्या ८७० मध्ये हा आकडा पोलादातून कोरलेला असे, नंतर तो एमआयएम पद्धतीचा येऊ लागला. या पद्धतीत धातूची बारीक भुकटी बाइंडरमध्ये कालवून साच्यात भरतात आणि भट्टीत भाजतात. भाजताना भाग १५ ते २० टक्के आकसतो. प्रक्रिया नीट सांभाळली तर असा भाग चांगला टिकतो. सांभाळली नाही तर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि आकड्याचे टोक तुटते किंवा झिजून गोल होते. काडतुसाच्या कडेवर पकड राहिली नाही की रिकामे काडतूस चेंबरमध्येच राहते. म्हणून काडतूस अडकले तर आधी आकडा बघावा, मग चेंबर. दोन्ही दोषांचे लक्षण एकच असल्याने पुष्कळदा नको ते काम करून पैसे घेतले जातात.

याउलट, नव्याने सुधारलेल्या गोष्टी कोणी बोलत नाही. जुन्या ८७० मध्ये काडतूस लॅचमधून (रोखून धरणाऱ्या पट्टीतून) निसटून लिफ्टरच्या (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीच्या) खाली गेले तर सारी यंत्रणा जॅम होई. मागेही नाही, पुढेही नाही. ते सोडवायला पेटी खोलावी लागे. १९८० च्या दशकात लिफ्टरला खाच आणि लवचीक पट्टी दिली गेली, बोल्टखालच्या स्लाइडमध्येही बदल झाला आणि तशा अवस्थेतही पंप ओढता येऊ लागला. लिफ्टर अखंड आहे की खाच असलेला, हे बंदूक उलटी धरली की लगेच दिसते. मॉसबर्ग ५०० ला सुरुवातीला मूठ आणि बोल्ट जोडणारा ॲक्शन बार एकच होता, १९७० पासून दोन झाले. एका बारवर मूठ तिरकी ओढली गेली की तो वाकतो आणि सांध्यावर ताण येतो. तेव्हा मॉसबर्गमध्ये तरी जितके जुने तितके चांगले हा हिशेब उलटाच पडतो.

दुरुस्तीच्या दृष्टीनेही एक फरक घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. ८७० मध्ये इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) रिसीव्हरला रिव्हेट केलेला असतो, मॅगझिनची, म्हणजे जादा काडतुसे ठेवायची, ट्यूब ब्रेझिंगने जोडलेली असते आणि काडतूस रोखणारे दोन्ही लॅच रिसीव्हरमध्ये धातू ठोकून पक्के केलेले असतात. जुने-नवे दोन्ही असेच. ट्यूबला पोचा आला, इजेक्टरची स्प्रिंग मेली किंवा लॅच सैल होऊन एकाच वेळी दोन काडतुसे बाहेर येऊ लागली, तर ते काम दहा मिनिटांचे नाही. मॉसबर्गमध्ये इजेक्टर एका स्क्रूवर असतो, ट्यूब आट्यांवर बसते आणि काडतूस रोखणाऱ्या पट्ट्या ट्रिगरची पेटी काढली की हातात येतात. नवशिक्याच्या हातून त्या जमिनीवर पडून हरवतातही, पण बदलायला सोप्या. वीस-पंचवीस बंदुका बाळगणाऱ्या एजन्सीने हा मुद्दा नळीच्या चकाकीपेक्षा वर ठेवावा.

देशी पंप ॲक्शनबद्दल थोडक्यात. सरकारी कारखान्यांची असो वा खासगी बनावटीची, नळी प्रूफ झालेली (जादा दाबाचा बार उडवून तपासलेली) असेल तर तिच्या ताकदीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बघायचे ते पुन्हा फिनिशिंग. लिफ्टरच्या कडेला राहिलेली धार, काडतूस भरण्याच्या तोंडाची न घासलेली कड, ॲक्शन बारचा मुठीशी असलेला जोड. कडा घासून घेणे हे अर्ध्या तासाचे काम असते, पण ते कोणी करत नाही, आणि मग धारेवर घासून काडतुसांचे प्लॅस्टिक सोलत राहते.

जुनी बंदूक घेताना दुकानात काय तपासावे? सगळ्यात आधी ती रिकामी आहे हे स्वतः, डोळ्याने आणि बोट घालून, चेंबर आणि मॅगझिन दोन्हींकडे बघून खात्री करावी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. मग नळी उतरवावी. मॅगझिनची टोपी काढली आणि ॲक्शन अर्धवट उघडली की ८७० सारख्या बंदुकीची नळी सरळ पुढे निघते. ती उजेडाकडे धरून आत बघावे. कुठे पूर्ण गोल सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. नळीत काहीतरी अडकलेले असताना बार उडाला की असे होते. गनमनच्या चौकीत तोंड उघडे ठेवून टेकवलेल्या नळीत कुंभारमाशी चिखलाचे घर करते, हे सांगून खरे वाटत नाही, पण असे होते. फुगलेली नळी कोणत्याही किमतीला घेऊ नये.

चेंबरमध्ये खड्डे आहेत का बघावे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले (बार पेटवणाऱ्या बुडाच्या टोपणातले) क्षार साफ न केल्याने ओल ओढून घेतात आणि पोलाद खातात. विंगमास्टरच्या चकचकीत नळीलाही ते चुकले नाहीत. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ती ६५ मिमी असेल तर ७० मिमीचे काडतूस त्यात बिनबोभाट बसते, धोका तिथेच आहे. ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. तोंड उघडायला जागा मिळाली नाही की दाब भलताच वाढतो. हा घोळ जुन्या विलायती दुनळीत जास्त, पण पंप ॲक्शनचाही आकडा वाचल्याशिवाय राहू नये.

नवे ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा रंग) करून आणलेल्या बंदुकीपासून जरा सावध राहावे. बफिंग जोरात केले की रिसीव्हरच्या धारदार कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे पुसट दिसतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती खोलगट बशी पडते. असे दिसले की समजावे, गंज घासून काढला आहे. किती खोल होता ते विकणारा सांगणार नाही. नंतर डमी काडतुसे भरून पंप चालवावा, एकदा सावकाश आणि एकदा पूर्ण झटक्याने, नळी वर धरून आणि खाली धरूनही. एकेक काडतूस यावे, पूर्ण बसावे आणि दूर फेकले जावे. ॲक्शन बंद आणि घोडा चढलेला असताना चाप न दाबता पंप मागे ओढला तर तो हलता कामा नये. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट, मात्र गेजशिवाय कळत नाही, त्यासाठी आर्मररकडे न्यावी.

बंदूक जुनी घ्या की नवी, मुंबईत तिला मारते ती हवा आणि आपली निगा. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, कव्हर ओल धरते. खोबरेल तेल तर अजिबात नको. २४ अंशांच्या खाली ते थिजते, शिवाय कालांतराने चिकट होते आणि फायरिंग पिन मंदावते. बंदुकीचे पातळ तेल, तेही बोटाला लागेल न लागेल इतके. तेलाने न्हाऊ घातलेली बंदूक नळी वर करून ठेवली तर तेल झिरपून दस्त्याच्या लाकडात जाते, लाकूड मऊ पडते आणि रिसीव्हरला टेकते तिथे चिरते. अक्रोडाच्या जुन्या दस्त्यांचे हेच ठराविक मरण. तिजोरीत ठेवताना नळी खाली करून ठेवावी.

आचारसंहितेच्या काळात बंदूक जमा करावी लागली तर देण्यापूर्वी नळी, बोल्ट आणि रिसीव्हरला तेलाचा हात फिरवून द्यावी आणि मिळाल्यावर त्याच दिवशी खोलून पुसावी. २०२४ च्या लोकसभेला मुंबईत २० मे रोजी मतदान झाले आणि निकाल ४ जूनला लागला. म्हणजे बंदूक हातात पडायची ती नेमकी पाऊस सुरू होताना.

पहाऱ्यावरच्या बंदुकीत तीच काडतुसे प्रत्येक पाळीला भरली-काढली जातात. एक्स्ट्रॅक्टर त्यांची कड कुरतडतो, दुमडलेले तोंड सैल होते, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगखाली महिनोन्‌महिने दाबून राहिल्याने प्लॅस्टिक फुगते. फुगलेले काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही आणि दोष बंदुकीला लागतो. उतरवलेल्या नळीच्या चेंबरमध्ये काडतूस सोडून बघावे. ते आपल्या वजनाने आत जाऊन बसले तर ठीक, बोटाने ढकलावे लागले तर बाजूला काढावे.

शेवटी कामाची बाब. बंदूक दुरुस्त करायलाही शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो आणि विनापरवाना नळी आखूड करून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा नळीला तोंडाशी पोचा आला म्हणून कोणी तेवढा तुकडा कापून देतो म्हणाला तर तिथून निघावे. परवानाधारक दुरुस्तीकाराकडून बिल घ्यावे, कोणता भाग बदलला ते त्यावर लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. एक्स्ट्रॅक्टर बदलल्याचे पैसे देऊन जुनाच घासून बसवलेला मिळतो, हे त्यामुळे टळते.

आपला,
बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक कारागीर,
लालबाग, मुंबई